वाचकांचे प्रश्न : बोट बाहेर काढायच्या आधीची शेवटची फेरी

मागच्या वेळी नाथसागरातल्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयातल्या, होड्यांवर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर आलेली बरीचशी पत्रं होड्यांचीच निघाली. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं मी अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी राहिलोय, तिथं एका मित्राच्या शिडाच्या बोटीवर जाणं व्हायचं, म्हणून यावेळी उत्तरं मीच देतोय. चार पत्रं घेतलीत.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिलवॉकीला असतो. तिथं त्यानं जुनी शिडाची बोट घेतलीय, पंचवीस फुटी. आता फोनवर म्हणतोय, आई, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोट क्रेननं बाहेर काढणार, त्याच्या आधी एकदा शेवटचं एकटाच जाऊन येतो. मला काय कळंना, एवढ्या थंडीत मुद्दाम पाण्यात कशाला जायचं, आणि चांगली पाण्यात उभी असलेली बोट बाहेर काढायचीच कशाला? तो म्हणतो मला पोहता येतं. येतंच, इथल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलाय. पण माझ्या जीवाला घोर लागलाय. जाऊ नको म्हणू का?
– एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, जाऊ नको म्हणू नका. एकटा जाऊ नको, हे मात्र ठणकावून सांगा.

आधी ते पाणी केवढं आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हाला त्याच्याशी बोलताना अंदाज राहील. मिलवॉकी ज्याच्या काठी आहे त्या मिशिगन सरोवराचं क्षेत्रफळ साधारण ५८ हजार चौरस किलोमीटर, आणि आपला अख्खा मराठवाडा, आठही जिल्हे धरून, ६४ हजारांच्या थोडा वर. म्हणजे नांदेडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत जेवढी जमीन आहे जवळजवळ तेवढं नुसतं पाणी, आणि तेही गोडं. मिलवॉकीसमोरचा पलीकडचा किनारा सव्वाशे किलोमीटरच्या पुढं आहे, दिसायचा प्रश्नच नाही. सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. त्याला तलाव म्हणतात म्हणून आपण आपल्या गावच्या तळ्याचा हिशोब लावतो आणि तिथंच चुकतो, तिथल्या लाटा बघितल्या तर समुद्रच म्हणाल.

आता बाहेर का काढतात. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. फ्रीजरमधे काचेची भरलेली बाटली विसरली की काय होतं ते तुम्हाला माहितीये, तेच इंजिनच्या आत होतं, कारण बोटीचं इंजिन बऱ्याचदा सरोवराचंच पाणी आत ओढून थंड होत असतं आणि ते पाणी आतल्या नळ्यांमधे राहतं. डिसेंबरात पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा गेला की लोखंडाला चीर जाते. शिवाय बंदरातला बर्फ वाऱ्यानं हलतो, बोटीला दाबतो, घासतो, दोऱ्या तोडतो. म्हणून ऑक्टोबर लागला की मरिनामधे, म्हणजे बोटी उभ्या करायच्या बंदरात, रांग लागते, मोठ्या चाकांची एक उंच गाडी येते, तिचे दोन रुंद पट्टे बोटीच्या पोटाखालून जातात, आणि बोट उचलून अलगद जमिनीवर. मग ती थेट मेपर्यंत तिथंच, ताडपत्रीखाली.

त्याला शेवटचं का जायचंय, हे तुम्ही विचारलं नाही पण मला सांगायचंय, कारण त्यात नुसती हौस नाही. बोटीच्या बऱ्याच गोष्टी फक्त पाण्यात, वारा भरलेला असतानाच कळतात. डोलकाठी दोन्ही बाजूंनी तारांनी ताणलेली असते, वाऱ्याकडची तार ताठ झाल्यावर पलीकडची किती ढिली पडते ते चालत्या बोटीवरच दिसतं. सुकाणू ढिलं पडलंय का ते हाताला तिथंच लागतं. शिडाची शिवण कुठं उसवायला लागली ते शीड उन्हासमोर भरलं की खालून वर बघताना दिसतं, घडी घातल्यावर नाही दिसत. तळाशी पाणी कुठून झिरपतंय तेही. हे सगळं त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं की हिवाळाभर काय दुरुस्त करायचं ते ठरतं, शीडवाल्याकडं शीड वेळेवर जातं, नाहीतर मे महिन्यात सगळेच एकदम जागे होतात आणि त्याच्या दारात रांग. आणखी एक, परत येताना इंजिन चालून गरम झालेलं असतं, त्याच दिवशी ऑइल बदललं तर ते पातळ झालेलं असल्यामुळं सगळा काळा गाळ घेऊन खाली येतं. म्हणजे ही फेरी कामाची आहे. माझा मित्र या फेरीला गप्पा मारू द्यायचा नाही, वही हातात देऊन एकेक गोष्ट लिहायला लावायचा, आणि मला ती फेरी उन्हाळ्यातल्या सगळ्या सहलींपेक्षा जास्त आवडायची, बोट खरी कशी आहे ते त्या दिवशी कळायचं.

आणि मन भरून येतं ते येतंच. ज्या वस्तूवर आपण सहा महिने जीव लावला ती आता तेवढेच महिने मुकी पडून राहणार, तर एकदा निरोप घ्यावा वाटणं यात वेडेपणा काही नाही. आपण पोळ्याला बैलांना नदीवर नेऊन धुतो, खांदे मळतो, त्या दिवशी कामाला जुंपत नाही. त्याच्या बोटीवर त्याचा तसाच जीव असंल.

आता धोक्याचं, आणि हे त्याला जसंच्या तसं वाचून दाखवा.

ऑक्टोबरच्या शेवटाला तिथं पाणी दहा-बारा अंशांच्या आसपास येतं. एवढ्या गार पाण्यात माणूस अचानक पडला की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप धपापतो, तोंड पाण्यात असताना श्वास ओढला गेला की संपलं, आणि यात चांगला पोहणारा वाईट पोहणारा असं काही नसतं. बर्फाळ पाण्याबद्दल तिकडं एक-दहा-एक असं शिकवतात : एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात तेवढी, आणि एक तास शुद्ध हरपायला. पाणी जरा कमी गार असलं तर वेळ थोडा वाढतो, क्रम तोच. म्हणजे बहुतेक लोक थंडीनं गारठून जायच्या कितीतरी आधीच बुडतात, कारण बोट दोन हातांवर असते पण बोटं दोरी धरत नाहीत. विहिरीत शिकलेलं पोहणं इथं कामाला येत नाही ताई, लाइफ जॅकेट येतं, आणि ते बोटीत ठेवलेलं नाही, धक्क्यावर पाय ठेवायच्या आधी अंगात घालून बंद केलेलं. वर चढायची शिडी पाण्यातून हाताला येईल अशी आधीच लावून ठेवायची, वर बांधलेली शिडी पाण्यातल्या माणसाला सोडता येत नाही.

दुसरं वारा. थंड हवा जड असते, त्यामुळं तेवढाच वेग असला तरी उन्हाळ्यापेक्षा शिडावर जोर जास्त येतो, आणि खाली पाणी अजून उबदार व वर हवा गार असली की वारा एकसारखा न राहता झटक्यांनी येतो. तिथं नोव्हेंबरच्या वादळांना जुनेजाणते फार मानतात. १० नोव्हेंबर १९७५ ला शेजारच्या सुपीरियर सरोवरात एडमंड फिट्झजेराल्ड नावाचं मालवाहू जहाज बुडालं, २२२ मीटर लांबीचं, त्यावरचे २९ च्या २९ जण गेले. एवढं मोठं जहाज. पंचवीस फुटी बोटीनं त्या महिन्यात आदर ठेवून वागावं.

तिसरं, ज्याचा कुणी विचार करत नाही ते म्हणजे त्या दिवसांत पाणी रिकामं असतं. जुलैत काही झालं तर आजूबाजूला पन्नास बोटी असतात, आता एक नसते. मरिनातले लोक कमी झालेले, आणि तिथलं कोस्ट गार्ड तर थंडीआधी रस्ता दाखवणारे बरेचसे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, सुद्धा उचलून नेतं, त्या कामाला ऑपरेशन फॉल रिट्रीव्ह असं नावच आहे. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागं जातात, संध्याकाळी साडेचार-पावणेपाचला सूर्य बुडतो, आपल्याकडं त्या वेळेला माणसं दुपारचा चहा घेत असतात.

म्हणून त्याला म्हणावं : दिवस तू ठरवू नको, आभाळाला ठरवू दे. शनिवारी सुट्टी आहे म्हणून शनिवारीच, असं या फेरीत चालत नाही. हलका वारा, कोरडी हवा, लहान बोटींना हवामान खातं धोक्याचा इशारा देतं ती स्मॉल क्राफ्ट अ‍ॅडव्हायझरी नाही असा दिवस. कोरडीच का, तर शीड ओलं गुंडाळलं की मेपर्यंत काळी बुरशी धरतं आणि नोव्हेंबरात वाळवायला ऊन कुठलं. सोबत एक माणूस, बोट किनाऱ्याला परत आणता येणारा. किनारा डोळ्यासमोरून हलू द्यायचा नाही. जमिनीवरच्या कुणालातरी परतायची वेळ सांगून ठेवायची आणि तीन वाजता बोट धक्क्याला. मोठं शीड सुरुवातीलाच अर्धं आवळून लहान करायचं, मग वारा पडला तर उघडता येतं, उलटं करायला गारठलेल्या हातांनी फार जड जातं. असा दिवस क्रेनच्या तारखेच्या आधी मिळालाच नाही तर शेवटची फेरी झालीच नाही असं समजून धक्क्यावरून सरळ क्रेनकडं न्यायची. या एका गोष्टीवर माझं मत पक्कं आहे. अजून एक दिवस, अजून एक दिवस करत तारीख पुढं ढकलणारे लोक मी बघितलेत, बोटीवर त्यांचं प्रेम खोटं नसतं, पण ज्या दिवशी जायला नको होतं नेमके त्या दिवशी ते पाण्यात असतात.

खायला काय द्यावं असं तुम्ही चिठ्ठीच्या मागं लिहिलंय. निघायच्या आधी पोटभर जेवण, आणि सोबत थर्मासमधे गोड चहा. धपाटे करता येत असतील त्याला तर उत्तम, हातमोजे न काढता खाता येतात. दारू अजिबात नको, तिनं उबदार वाटतं पण कातडीकडं रक्त जास्त जाऊन अंगातली उष्णता बाहेर पडते. घरी आल्यावर त्यानं तुम्हाला फोन करायचा, मग कपडे बदलायचे.

प्रश्न : एवढं थंड असतं तर सरोवर तळापर्यंत गोठतं का? मग मासे कसे जगतात?
– बारावीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही गोठत. पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं. शरद ऋतूत वरचं पाणी गार होत होत चार अंशापर्यंत आलं की ते खाली बसतं आणि खालचं वर येतं, सगळं सरोवर ढवळून निघतं, वरचा ऑक्सिजन तळाला जातो. त्याच्याही पुढं गार झालेलं पाणी मात्र हलकं होतं, ते वरच राहतं आणि तिथंच गोठतं, बर्फ तरंगतो. खाली मासे सुस्त पण जिवंत. मिशिगन सरोवर एवढं खोल आहे की बहुतेक हिवाळ्यात ते पूर्ण झाकलंही जात नाही, बर्फ मुख्यतः काठाला आणि बंदरात, मार्च २०१४ मधे मात्र नव्वद टक्क्यांच्या वर झाकलं गेलं होतं. एरी सरोवर तिथल्या पाच मोठ्या सरोवरांत सगळ्यात उथळ, ते लवकर गोठतं. पाणी इतर पदार्थांसारखं गार होईल तसं जडच होत गेलं असतं तर बर्फ तळाला साठला असता, यावर एकदा शांत बसून विचार कर, परीक्षेला येवो न येवो.

प्रश्न : वर्षातले सहा महिने जी बोट जमिनीवर ठेवायची, वरून जागेचं भाडं भरायचं, ती घ्यायचीच कशाला? पैसेवाल्यांचे खेळ वाटतात.
– निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : गुरुजी, काहींचे आहेतच. पण तिथं जुन्या बोटी वापरलेल्या मोटारसायकलच्या भावातही मिळतात, आणि बोटीवाल्यांमधे मी सुतार पाहिले, नर्स पाहिल्या, बसचे ड्रायव्हर पाहिले, सगळी दुरुस्ती स्वतःच्या हातानं करणारे. तिथं ही इतकी रोजची गोष्ट आहे की शिकागोत दर वसंतात आणि शरदात ठरलेल्या दिवशी शिकागो नदीवरचे रस्त्याचे पूल एकामागून एक उचलतात, भर शहरातली वाहतूक थांबवून, फक्त शिडाच्या बोटी बंदरातून हिवाळ्यात ठेवायच्या यार्डात आणि यार्डातून बंदरात जाव्यात म्हणून. तुम्ही लातूरचे, एप्रिल २०१६ मधे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती तुम्ही डोळ्यानं पाहिली असेल. जिथं प्यायला पाणी रुळावरून आलं तिथल्या माणसाला पाण्यावर नुसतं हिंडणं उधळपट्टी वाटणं मी समजू शकतो, मलाही पहिल्यांदा तिथं उभं राहून राग आला होता, एवढं गोडं पाणी आणि आमच्याकडं टँकर. पण वापरायला सहाच महिने मिळतात म्हणूनच ते लोक त्या पाण्याची आणि बोटीची जी निगा राखतात ती आपण शिकण्यासारखी आहे.

प्रश्न : आम्ही भोई, नाथसागरावर मासेमारी करतो. आमच्याकडं एक फायबरची होडी हाय मशीनवाली आन् एक जुनी लाकडी, वडलांच्या हातची. दोन्ही बारा महिने पाण्यातच राहत्यात, पाणी मागं सरकलं की आमी बी होडी घेऊन मागं सरकतो. आपल्याकडं बर्फ नाही, मग आमी पण होडी बाहेर काढावी का? काढली तर कव्हा?
– एक तरुण मच्छीमार, पैठण

उत्तर : काढावी, वर्षातून एकदा तरी, आणि कारण बर्फाचं नसून बघण्याचं आहे. होडीचा जो भाग कायम पाण्याखाली तो तुम्ही बघतच नाही, आणि खराब तोच होतो.

कोकणातले कोळी पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारतात, १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून परत दर्यात. तुमचं वेळापत्रक वेगळं, कारण जायकवाडीत पाणी कधी येणार ते नाशिक-नगरकडच्या पावसावर. माझ्या मते तुम्हाला मे महिना बरा. पाणी सगळ्यात मागं गेलेलं, काठ उघडा पडलेला, होडी ओढायला चढ कमी. फक्त पाणी जिथं आहे तिथंच काठाला ठेवून देऊ नका, पुराचं पाणी आलं की रात्रीत चढतं, सोडलेली होडी वाहून जाते, उंचावर घ्या आणि झाडाला नाहीतर खुंट्याला बांधा.

काढायच्या आधीच्या दिवशी एक चक्कर नुसती होडीसाठी मारा. जाळं घेऊ नका, रिकामी होडी घ्या, कारण जाळं आणि मासे असले की डोळे तिकडंच जातात. सकाळी लवकर जा, दुपारचा वारा सुटला की नाथसागरात आखूड आणि उभ्या लाटा उठतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरचा पण उथळ, म्हणून लाट लगेच उभी राहते. तळाशी कोरडं फडकं टाका आणि अर्ध्या तासानं बघा पहिल्यांदा कुठं ओलं झालं, तिथं खडूनं खूण करा, म्हणजे काठावर शोधत बसायला नको. मशीन हातात थरथरतं का, एका बाजूला ओढतं का, थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक झालीय का ते बघा. धार बारीक म्हणजे गोदावरीचा गाळ आत बसलाय.

बाहेर काढली की त्याच दिवशी, शेवाळ ओलं आहे तोवर, खराट्यानं आणि पाण्यानं खालचं पोट धुवा. वाळलं की तेच शेवाळ सिमेंटसारखं चिकटतं आणि मग लोक पत्र्यानं खरवडतात, फायबरचा वरचा लेप निघतो. गोड्या पाण्यात समुद्रासारखे शिंपले चिकटत नाहीत हे आपलं भाग्य. फायबरवर हाताच्या पंजानं फिरवून बघा, फोडासारखे उंचवटे लागले तर आत पाणी शिरलंय, ते फोडून, धुवून, पूर्ण वाळू देऊन मगच राळ भरायची, ओल्यावर भरलेली वर्षभरात सुटते. म्हणून मे महिना, आपलं ऊन इथं कामाला येतं.

तेच ऊन लाकडी होडीचा वैरी आहे. लाकूड पाण्यात फुगून फळ्या घट्ट बसलेल्या असतात, मराठवाड्याच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवली तर आठवडाभरात फळ्यांच्या सांध्यातून उजेड दिसायला लागेल. वडलांच्या हातची आहे ना, तिला फार दिवस बाहेर ठेवूच नका. सावलीत, पालथी, दोन ओंडक्यांवर, जमिनीला लागू द्यायची नाही, वरून ओली गोणपाटं, संध्याकाळी एकदा पाणी मारायचं. सांधे तपासून जिथं गेलंय तिथं भरा, डांबर लावा, आणि परत पाण्यात घातल्यावर पहिले दोन दिवस काठालाच बांधून ठेवा, थोडं पाणी झिरपंल, लाकूड फुगलं की थांबंल, मगच माणसं घेऊन आत जा.

मशीन खोलून आणलं की पिंपात स्वच्छ पाणी घेऊन त्यात ते दहा मिनिटं चालवा, गाळ निघून जातो, मग उभंच टांगा, आडवं ठेवलं की आतलं पाणी सिलिंडरकडं जाऊ शकतं. खालच्या गिअरचं ऑइल काढून बघा, दुधासारखं पांढरट दिसलं तर सील गेलंय, पाणी शिरतंय, ते आत्ताच बदला, नवीन सील काही फार महाग नाही पण गिअर गेला तर मोसमच जातो. पेट्रोल महिनाभर टाकीत ठेवू नका, काढून मोटारसायकलमधे घाला, टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असंल तर ते मोटारसायकलला नको, तेवढंच दुसऱ्या कुणाच्या चालू मशीनला द्या.

आणि धरणाचे २७ दरवाजे आहेत, विसर्गाच्या दिवसांत भिंतीकडच्या बाजूला होडी अजिबात न्यायची नाही, मासे तिकडं कितीही लागत असले तरी. होडी परत पाण्यात घालाल तेव्हा खडूच्या खुणा केलेल्या जागा कशा निघाल्या ते कळवा, लाकडी होडीचं तर नक्कीच कळवा.